सख्याला सांगायच्या लहान गोष्टी



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ४१ आणि ४२

गेले काही दिवस आपण विश्वरूपदर्शनाच्या अध्यायात आहोत. असंख्य मुखं, असंख्य हात, हजार सूर्य एकदम उगवावेत तसं तेज, आणि त्या मुखांमध्ये शिरणारे दोन्ही सैन्यांतले वीर, हे सगळं अर्जुनाने पाहिलं. तो घाबरला, थरथरला, पुढून नमस्कार, मागून नमस्कार, सगळ्या बाजूंनी नमस्कार करून झाला. आणि मग आजच्या दोन श्लोकांत तो अचानक अगदी घरगुती बोलायला लागतो.

भावार्थ साधारण असा. तुझा हा महिमा मला ठाऊक नव्हता. मी तुला नुसता मित्र समजत होतो. म्हणून कधी बेसावधपणे, कधी प्रेमाच्या भरात, तुला सरळ नावाने हाक मारली, यादवा म्हटलं, गड्या म्हटलं. फिरताना, लोळताना, बसलेलो असताना, जेवताना, कधी आपण दोघंच असताना तर कधी चारचौघांत, तुझी थट्टा केली, तुझा मान ठेवला नाही. त्या सगळ्याची क्षमा कर.

यातली यादी पुन्हा एकदा वाचा. फिरणं, लोळणं, बसणं, जेवणं. समोर विश्वाचा पसारा उभा असताना अर्जुनाला खांडववन आठवलं नाही, राजसूय यज्ञ आठवला नाही, द्रौपदीचं स्वयंवरही आठवलं नाही. आठवल्या त्या मित्राबरोबरच्या रोजच्या, कुणी कुठे लिहून ठेवणार नाही अशा गोष्टी.

माऊलींनी ज्ञानेश्वरीत हा प्रसंग फार रंगवलाय. तिथे अर्जुन म्हणतो, माझं म्हणजे कसं झालं, तर परिसाचा खडक हाती लागला आणि मी तो फोडून पायात भरला. कल्पतरू मिळाला आणि तो तोडून शेताला कुंपण घातलं. साक्षात परब्रह्म समोर होतं आणि मी त्याला रथ हाकायला बसवलं. अर्जुनाला वाटतंय, आपण फार मोठी चूक केली, एवढ्या मोठ्या देवाला एवढ्या लहान कामांना लावलं.

आता भगवंतांचं उत्तर बघा. पुढच्या श्लोकांत ते ‘बरं, केली क्षमा’ असं कुठेच म्हणत नाहीत. ते म्हणतात, हे रूप तुझ्याआधी कुणी पाहिलं नव्हतं, घाबरू नकोस. आणि मग ते पुन्हा आपलं सौम्य, ओळखीचं रूप घेतात. एक्कावन्नाव्या श्लोकात अर्जुन म्हणतो, तुझं हे माणसाचं रूप पाहिलं आणि आता कुठे मी भानावर आलो.

मला यातून असं वाटतं, की क्षमा करण्यासारखं काही झालंय हे देवाला पटलंच नसावं. अर्जुन ज्याला चूक म्हणत होता, ते देवाला हवंच होतं. कल्पतरूला कुंपण व्हायची लाज वाटत नव्हती.

आणि आजचा आपला मुद्दा इथेच आहे. मित्रामित्रांमधल्या रोजच्या बारीकसारीक गोष्टी, म्हणजे आज डब्यात काय आहे, बॉस काय बोलला, मुलीचा दात पडला, पाण्याचा टँकर आलाच नाही, याला आपण टाइमपास म्हणतो. पण मोठं दुःख याच पायवाटेने येतं. लहान गोष्टींची वाट रोजच्या रहदारीची असेल, तरच एक दिवस तिच्यावरून मोठी गोष्ट येऊ शकते.

शिदोरी आणि काला

भागवताच्या दहाव्या स्कंधात, तेराव्या अध्यायात, वनभोजनाचा प्रसंग आहे. यमुनेच्या वाळवंटात गोपाळ कृष्णाभोवती गोल करून बसलेत. कुणी पानावर, कुणी फुलांच्या पाकळ्यांवर, कुणी चक्क दगडावर जेवण मांडलंय. कृष्णाने बासरी कमरेला खोचलीय, डाव्या हातात दहीभाताचा घास आहे, बोटांच्या बेचक्यांत फळं धरलीयत. आणि प्रत्येक जण आपापल्या शिदोरीची चव दुसऱ्याला दाखवतोय. हसतोय, हसवतोय. स्वर्गातले देव वरून बघत राहिलेत, कारण यज्ञात आहुती घेणारा हा मुलांच्या घोळक्यात बसून जेवतोय.

आपल्याकडे हरिनाम सप्ताहाचा शेवट काल्याच्या कीर्तनाने होतो. आषाढी वारीची सांगताही पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याने होते. इतके दिवस उपास, पारायण, भजन, चालणं, आणि शेवट काय, तर सगळ्यांची शिदोरी एकत्र कालवून खायची. काल्याचं वैशिष्ट्य असं की त्यात कुणाची लाही कोणती, कुणाचं दही कोणतं, हे नंतर सांगता येत नाही. श्रीमंताच्या घरचं आणि गरिबाच्या घरचं एकच होतं. पण त्यासाठी एक अट असते. आधी प्रत्येकाला आपली शिदोरी सोडावी लागते. गाठोडं बांधूनच ठेवलं, तर काला होत नाही.

मित्रांजवळ मन मोकळं करणं हा असाच काला आहे. कुणाचं आंबट, कुणाचं गोड, कुणाचं कालचं शिळं. सगळं एकत्र झालं की पोटात जातं.

चौथी सीट

आपल्या ठाणे-डोंबिवली-कल्याणकडे हा काला रोज होतो, फक्त यमुनेच्या वाळवंटाऐवजी रुळांवर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी आपल्या ठाण्यालाच आली आणि पुढच्याच वर्षी रेल्वे कल्याणला पोचली. तेव्हापासून आपल्या गावांचं अर्धं आयुष्य गाडीत जातं. त्यामुळे इथली मैत्रीही गाडीतच मुरते.

ज्यांनी लोकलचा ग्रुप अनुभवलाय त्यांना सांगायला नको. रोज तीच गाडी, तोच डबा, प्लॅटफॉर्मवर उभं राहायची तीच जागा. कुणी कल्याणपर्यंत उलटं जाऊन रिटर्न बसून येतो आणि बाकीच्यांसाठी जागा धरतो. कुठे टाळ-मृदंगासह भजन चालतं. लेडीज डब्यात मटार सोलता सोलता सासू, सून, शाळेची ॲडमिशन सगळं बोलून होतं, आणि कुणाचं डोहाळजेवणसुद्धा होतं. दसरा आला की डब्याला तोरण लागतं, देवीचा फोटो येतो, आरती होते, पेढे वाटले जातात.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे चौथी सीट. बाकडं तिघांचं. पण चौथा आला की तिघं काही न बोलता थोडे थोडे सरकतात आणि चौथ्याला टेकण्यापुरती जागा होते. तीन जणांची थोडी गैरसोय, म्हणून एकाची सोय. आणि आमच्या ग्रुपमध्ये एक अलिखित नियम आहे. बसून आलेल्याने ठाणं गेलं की उठायचं आणि उभ्याला बसवायचं. कुणी सांगत नाही, कुणी आभार मानत नाही.

ऐकणं हीसुद्धा एक चौथी सीटच आहे. आपल्या डोक्यात आधीच तिघं बसलेले असतात: ऑफिस, घर, ईएमआय. तरी मित्र बोलायला लागला की आपण आत थोडं सरकतो.

हार्टबीट

आता एक खरी घटना. ज्याची आहे त्याला विचारूनच लिहितोय, नाव मात्र देत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये एक जण होता. माझ्याच वयाचा. एका कंपनीत अकाउंट्स बघायचा. त्याची ख्याती म्हणजे कुरकुर. रोज सकाळी डोंबिवलीला गाडीत चढला की सुरू. डब्यात परत दुधी. सोसायटीत परत टँकर. लिफ्ट परत बंद. त्याच्या दुधीवरून आम्ही त्याला इतकं पिडायचो, की कुणाच्या डब्यात दुधी दिसली की त्यालाच हाक मारायची पद्धत पडली होती.

एका सोमवारपासून त्याची कुरकुर बंद झाली. विचारलं तर म्हणायचा, सगळं मस्त. हसायचा, खिडकीबाहेर बघायचा. चारचौघांना वाटलं, बरं झालं, सुधारला.

ग्रुपमध्ये एक काका आहेत. बँकेत नोकरी, रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलेलं. तिसऱ्या दिवशी ते हळूच म्हणाले, ‘अरे, याची दुधी कुठे गेली?’

इथे माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. आम्ही जे सर्व्हर सांभाळतो, त्यातला प्रत्येक जण ठरावीक सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवत राहतो. त्याला हार्टबीट म्हणतात. त्या संदेशात माहिती अशी काहीच नसते. ‘मी आहे’, एवढंच. दिवसभरात असे हजारो येतात, कुणी ते उघडून वाचत नाही. पण ते यायचे थांबले की रात्री अडीच वाजता अलर्ट वाजतो आणि ज्याची ड्यूटी असेल त्याला अंथरुणातून उठावं लागतं. कारण बंद पडलेला सर्व्हर ‘मी बंद पडलोय’ असा संदेश कधीच पाठवत नाही. तो फक्त गप्प होतो.

त्या मित्राची दुधी म्हणजे हार्टबीट होती. कंटाळवाणी, रोजची, ‘मी आहे’ सांगणारी. काकांना ती ऐकू येईनाशी झाली.

काकांनी चारचौघांत काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आपलं स्टेशन सोडून त्याच्याबरोबर उतरले. म्हणाले, चल, कटिंग घेऊ, आज मला उशीर झाला तरी चालेल. दोघं टपरीवर उभे राहिले. पहिला चहा झाला, काही नाही. दुसरा चहा झाला. मग तो बोलला.

नोकरी जाऊन तीन आठवडे झाले होते. घरी सांगितलं नव्हतं. बायको रोज डबा भरून देत होती, हा रोज इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याबरोबर गाडीत चढत होता, स्टेशनला उतरून एखाद्या बागेत नाहीतर मॉलमध्ये बसत होता, तिथेच डबा खात होता आणि संध्याकाळी नेहमीच्या गाडीने परतत होता. डब्यातल्या दुधीबद्दल काय बोलणार? तो डबाच त्याला खोटा वाटत होता. आणि मग अगदी खालच्या आवाजात तो म्हणाला, की संध्याकाळी दारात उभा असलो की मुंब्र्याच्या वळणावर डोक्यात नको ते येतं.

मुंब्र्याचं वळण म्हणजे काय, हे आपल्या लाइनवरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. ९ जून २०२५ ला तिथेच गर्दीच्या लोकलमधून माणसं खाली पडली आणि काही घरी परतलीच नाहीत. त्या दारात उभं राहून आपलं मन कुठे जातंय, हे एका माणसाने दुसऱ्या माणसाला सांगितलं. दुसऱ्या चहानंतर.

पुढे जे झालं ते फार मोठं नाही. काका त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर गाडीत चढले आणि थेट त्याच्या घरी गेले. बायकोला सांगायचं त्यानेच सांगितलं, काका नुसते शेजारी बसले होते. ग्रुपमधल्या एकाने त्याला डॉक्टरकडे नेलं. दोघा-तिघांनी ओळखीच्या ठिकाणी बायोडेटा पाठवला. पास संपत आला होता, तो कुणी काढला हे त्याला अजून माहीत नाही. काही आठवड्यांनी भिवंडीच्या एका गोदामात त्याला काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी आहे, घराच्या हप्त्याची ओढाताण चालू आहे. आता त्याची गाडी वेगळी, वेळ वेगळी. पण दुपारी कधीकधी ग्रुपवर डब्याचा फोटो येतो. बाकी काही लिहिलेलं नसतं. दुधी असते.

देव आधी ऐकतो

काकांनी जे केलं ते मला गीतेच्या पहिल्या अध्यायासारखं वाटतं.

पहिला अध्याय आपण बऱ्याचदा घाईने ओलांडतो. शंख कुणाचे, सेनापती कोण, ते एकदा कळलं की झालं. पण एक गोष्ट मुद्दाम बघा. त्या संपूर्ण अध्यायात भगवंत एकच वाक्य बोलतात, की पार्था, हे जमलेले कुरू बघ. बस्स. त्यानंतर अर्जुन बोलत राहतो आणि कृष्ण ऐकत राहतो.

आणि अर्जुन सुरुवात कशाने करतो? धर्म, कुलक्षय, पाप हे सगळं नंतर येतं. आधी तो म्हणतो, अंग गळून जातंय, तोंड कोरडं पडलंय, काटा आलाय, हातातून धनुष्य निसटतंय, कातडीची आग होतेय, धड उभं राहवत नाही. म्हणजे अगदी शरीराच्या, लहान लहान तक्रारी. एवढा मोठा योद्धा, दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभा राहून मित्राला सांगतोय, की माझं तोंड कोरडं पडलंय.

हे तो भीमाला सांगू शकला असता का? धर्मराजाला? मला नाही वाटत. ज्याच्याबरोबर वर्षानुवर्षं जेवला, लोळला, थट्टा केली, त्यालाच हे सांगता आलं. आजच्या श्लोकांतली यादी इथे कामाला आली. ज्या गोष्टींची तो अकराव्या अध्यायात क्षमा मागतोय, त्याच गोष्टींमुळे पहिल्या अध्यायात त्याला बोलता आलं होतं. आणि चौथ्या अध्यायात भगवंत स्वतःच सांगतात, की हे रहस्य मी तुला सांगतोय, कारण तू माझा भक्त आहेस आणि सखा आहेस.

म्हणजे हिशोब असा लागतो. थट्टामस्करी नसती तर तोंड कोरडं पडल्याचं सांगता आलं नसतं. ते सांगितलं नसतं तर गीता झाली नसती. जगाला मिळालेलं एवढं मोठं तत्त्वज्ञान एका मित्राच्या लहानशा तक्रारीने सुरू होतं.

कृष्णाचं ऐकणंही शिकण्यासारखं आहे. आपल्यासारख्या इंजिनिअर मंडळींना कुणी दोन वाक्यं बोललं की लगेच सोल्यूशन सुचतं. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपण तीन उपाय आणि एक लिंक पाठवून मोकळे. भगवंतांकडे तर सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार होती. तरी त्यांनी अर्जुनाला रथात खाली बसेपर्यंत बोलू दिलं. दुसऱ्या अध्यायात दोन श्लोकांत थोडं टोचून बघितलं. आणि खरा उपदेश सुरू केला तो अर्जुनाने ‘मला कळत नाही, तू सांग’ असं स्वतःहून म्हटल्यावर.

कधी मित्र बोलतच नाही. तेव्हा काय करायचं, हे सुदाम्याच्या गोष्टीत आहे. सुदामा द्वारकेला गेला, पण पोह्यांची पुरचुंडी लाजेने लपवून बसला. कृष्णाने आधी त्याचे पाय धुतले, जवळ बसवलं, मग सांदीपनींच्या आश्रमातल्या आठवणी काढल्या: गुरुपत्नीसाठी लाकडं आणायला गेलो होतो, पाऊस आला, रात्रभर रानात अडकलो, आठवतंय ना? त्यानंतर हसत हसत विचारलं, माझ्यासाठी काय आणलंयस? आणि स्वतःच्या हाताने ती पुरचुंडी ओढून घेतली. क्रम लक्षात ठेवा. आधी जागा, मग जुनी ओळख, मग हलकेच विचारणं. काकांचे दोन चहा म्हणजे तेच.

दोन शंका

हे वाचताना काहींच्या मनात येईल, की मग दिवसभर गप्पाच मारायच्या का? त्यात निंदा, कुचाळक्या येणारच. शंका बरोबर आहे. म्हणून एक साधी खूण सांगतो. आपण जे बोलतोय ते आपल्या शिदोरीतलं आहे की दुसऱ्याच्या? माझी दुधी, माझा टँकर, माझी भीती हे माझ्या शिदोरीतलं. तिसऱ्याच्या घरात काय चाललंय हे चोरून आणलेलं. काल्यात चोरीचं चालतं, असं बाळकृष्णाकडे बोट दाखवून म्हणू नका, त्याने लोणी चोरलं होतं, कुणाची अब्रू नाही! आणि मित्राने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय तिसऱ्याकडे गेली, की ती वाट कायमची बंद होते.

दुसरी शंका जास्त खोल आहे. ‘माझ्याकडे असा ग्रुपच नाही.’ वर्क फ्रॉम होम आहे, नवीन शहर आहे, जुने मित्र पुण्याला नाहीतर परदेशात. अशांनी जनाबाईकडे बघावं. नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेण्या, यांतच तिचा दिवस जायचा. ऐकायला कोण होतं? तिने ते सगळं विठ्ठलाला सांगितलं. तिच्या अभंगांत देव तिच्याबरोबर जात्यावर बसतो, केर भरतो, तिचे केस विंचरतो. तिने देवाला रोजचं कामच सांगितलं, मोठं काही मागायला ती थांबली नाही. म्हणून आज रात्री नामस्मरणाआधी दोन मिनिटं देवाला दिवस सांगून बघा. मागणं नको, तक्रार असली तरी चालेल. ज्याला देवाशी असं बोलायची सवय लागते, त्याला माणसांशी बोलणंही हळूहळू सोपं जातं.

मात्र मनात मुंब्र्याच्या वळणासारखं काही येत असेल, तर एकट्याने वाट बघू नका. टेलि-मानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. नामाच्या जोडीला डॉक्टर घेतला म्हणून नामाचं बळ कमी होत नाही.

आठवी पायरी

नवविधा भक्ती आपल्याला पाठ असते. पहिली श्रवण, आठवी सख्य, नववी आत्मनिवेदन. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात प्रत्येक भक्तीला एकेक समास दिला आहे आणि आठवा समास सख्याचा आहे. सख्यभक्तीचं उदाहरण म्हणून परंपरा अर्जुनाचंच नाव घेते.

हा क्रम मला फार बोलका वाटतो. आत्मनिवेदन म्हणजे स्वतःला पूर्ण सोपवून देणं. त्याच्या आधीची पायरी सख्याची आहे, कारण ज्याला आपण रोजची दुधी सांगितली नाही, त्याला एकदम आपला जीव कसा सोपवणार? आणि या सगळ्याची सुरुवात श्रवणाने होते. आपण श्रवण म्हणजे फक्त कीर्तन-प्रवचन ऐकणं समजतो. शेजारच्या सीटवरच्या माणसाचं ऐकणंही त्याच कानांनी होतं. सर्वांच्या हृदयात तो आहे असं गीता सांगते, तर मग त्या दुधीच्या कुरकुरीतून कोण बोलत असेल?

आजचा अभ्यास

१. आज एका मित्राला किंवा मैत्रिणीला फोन करा. काम नसताना. ‘काय चाललंय’ असं मोघम विचारू नका, काहीतरी बारीक विचारा: आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे, बाइक दुरुस्त झाली का, आज डब्यात काय होतं.

२. समोरचा बोलत असताना पहिली पाच मिनिटं एकही उपाय सुचवू नका. पहिल्या अध्यायातला कृष्ण आठवा.

३. तुमच्या ग्रुपमध्ये नेहमी कुरकुर करणारा, नेहमी जोक पाठवणारा, नेहमी क्रिकेटवर भांडणारा कुणी अलीकडे गप्प झालाय का, ते बघा. झाला असेल तर ग्रुपवर विचारू नका. एकट्याला गाठा. तलावपाळीवर एक फेरी मारा, नाहीतर टपरीवर थांबा. दुसरा चहा होईपर्यंत घाई करू नका.

४. आणि आपली स्वतःची एक लहान गोष्ट आज कुणाला तरी सांगा. शिदोरी आपणही सोडायची असते.

प्रार्थना

हे पांडुरंगा, तुझं विश्वरूप बघायची आमची ताकद नाही आणि खरं सांगायचं तर तेवढी हौसही नाही. अर्जुनासारखंच आम्हालाही तुझं ओळखीचं रूप पुरे. ते रूप आमच्या मित्रांमध्ये दिसू दे. कुणी बोलत असेल तेव्हा आम्हाला सरकून जागा करता येऊ दे. कुणी गप्प झाला तर ते आमच्या कानांना कळू दे. आणि आमचं तोंड कोरडं पडेल तेव्हा ते सांगायला एक सखा जवळ असू दे.

उद्या श्लोक ४३ पासून पुढे. तोवर नाम घेत राहा, गर्दीत सांभाळून चढा.

जय हरी!